उजवीकडचे बिंदू

लग्न असो की मयत, आमच्या पिंपळगाव राजाचे तायडे सर खिशात घडी घातलेला आलेख कागद घेऊनच जातात. वऱ्हाडी कसकसे जेवायला आले याचे बिंदू त्यांनी पंगत उठायच्या आत काढलेले मी पाहिले आहेत. मयतीत काय काढतात, ते विचारायची माझी कधी छाती झाली नाही.

सरांनी मला दहावीला गणित शिकवलं. ते निवृत्त झाल्यावर त्यांच्या जागेवर मीच लागलो. वर्गसमीकरणाचा आलेख म्हणजे सरांचा जीव की प्राण. आधी कोष्टक, मग बिंदू, मग रेघ. हा वक्र उतरत येतो, तळाला टेकतो आणि उतरला तसाच वर चढतो. त्यामुळे डावी बाजू झाली की आम्ही आगाऊ पोरं आकडेमोड न करताच उजवीकडचे बिंदू ठोकून द्यायचो. सर कागद नुसता पाहून ओळखत.

"हा बिंदू कोष्टकातून आला का मनातून?"

मनातून म्हटलं की दोन गुण गेले. "मनानं बिंदू नाही द्याचा बे. आकडा आन, मंग जागा माग." माझे चाचणीतले बरेच गुण त्यांनी असेच खाल्ले आणि तो राग माझ्या मनातून अजून पुरता गेलेला नाही.

यंदा सरांच्या पत्नी, आमच्या काकू, आजारी पडल्या. बुलढाण्याच्या डॉक्टरांनी सरांना बाजूला घेऊन काय ते सांगितलं आणि वजनावर लक्ष ठेवा म्हणाले. घरगुती काट्यावर सरांचा विश्वास नाही. दर रविवारी ते काकूंना धान्याच्या दुकानात नेतात, तुरीच्या पोत्यांशेजारच्या मोठ्या काट्यावर खुर्ची ठेवून बसवतात आणि खुर्चीचं वजन वजा करतात.

"पुढच्या वक्ती पोत्यातच भरा मले," काकू म्हणाल्या. दुकानदार हसला. सर आकडा लिहीत होते.

परवाच्या रविवारी मी सोबत होतो. वजन अर्धा किलो आणखी उतरलं होतं. घरी आल्यावर काकू आत जाऊन पडल्या आणि सरांनी कागद उलगडला. डावीकडे शाईचे बिंदू, दर रविवारचा एक, खाली उतरत आलेले. उजवीकडे तितकेच शिसपेन्सिलीचे, वर चढत गेलेले. ते पुढच्या रविवारांचे होते. सरांनी आजचा बिंदू शाईनं खाली दिला, उजवी बाजू सगळी खोडली आणि नव्या तळापासून पुन्हा चढती काढायला घेतली. खोडून खोडून तिथला कागद पार झिरझिरीत झाला होता.

"कधीपासून चढन म्हन्ता मंग?" काकूंनी आतून विचारलं.

"पुढच्या रविवारपासून. तळ जरासा खाली निघाला, येवढंच."

मग माझ्याकडे न बघता त्यांनी कागद पुढे सरकवला.

"मनानंच देल्ले रे सारे. तू आता मास्तर हायेस. काप गुण."

लाल पेन माझ्या खिशातच होतं. मी त्यांच्या हातातली शिसपेन्सिल घेतली, तिला नीट टोक केलं आणि परत दिली.