बोडस खानाचा तांडा

दुबईतल्या आमच्या मनखूलच्या बिल्डिंगमध्ये कुणी सुट्टीवर भारतात निघालं, की ते शेजाऱ्यांपासून लपवून ठेवतं. कारण तिसऱ्या मजल्यावरचे बोडस. लिफ्टमध्ये कुणाच्या हातात नवी बॅग दिसली की हा गृहस्थ तिथेच गाठतो. "तांडा कुठे निघाला?" तुम्ही चुकून पुणे किंवा कोल्हापूर म्हणालात की खलास. संध्याकाळी खजुराचा डबा तुमच्या दारात.

श्रीकांत बोडस, वय पंचावन्न, एकटा जीव. नोकरी शिपिंग कंपनीत. कुठला कंटेनर या क्षणी कुठल्या समुद्रात आहे, हे ते स्क्रीनवर बसल्या जागी सांगतात. पण सांगलीला वडिलांना डबा पाठवायचा तर तो माणसाच्या हातानेच. कुरिअरचं नाव काढायचं नाही.

"कुरिअर म्हणजे मुका उंट, वहिनी. माल पोचवतो, वाटेचं काही सांगत नाही."

बोडसांना वेड आहे ते जुन्या व्यापारी वाटांचं. समरकंद, बगदाद, होर्मुझ ही नावं ते अशी घेतात की जणू मावशी तिथे दिलेली आहे. दिवाळीत मी फराळाचं ताट पुढे केलं तर म्हणाले, "शंकरपाळे मूळचे इराणचे बरं का. तांड्याबरोबर आले." मी म्हटलं, "हे माझ्या कढईतून आलेत, खायचे तर खा." खाल्ले. दोन वाट्या.

मंगोल खान तर घरचेच. "त्यांच्या तलवारीचं सगळे सांगतात. ठाण्यांचं कोण सांगतो? दर मजलेला ताजा घोडा तयार. निरोप्याने घोडा बदलायचा की पुढे. आणि रेशीम? चीनपासून पार पश्चिमेपर्यंत जायचं, पण नेणारा एक माणूस नाही. या हातातून त्या हातात." माझी मुलगी त्यांना खान अंकल म्हणते. ते जिन्यात दिसले की "ममा, रन," म्हणते आणि खरंच पळते.

एकदा फुजैरा अमिरातीतले हनीफभाई रत्नागिरीला निघाले. डबा त्यांच्याबरोबर रत्नागिरीला, तिथून त्यांच्या मेव्हण्याबरोबर कोल्हापूरला, तिथून कुणाच्या तरी साडूबरोबर सांगलीला. अठरा दिवस लागले. "बोडसभाव, कुरिअर कर ना, कशाला माणसं दमवतोस," हनीफभाई म्हणाले. बोडस महिनाभर खुशीत होते.

निघताना ते प्रवाशाच्या गळ्यात एक पिवळं कार्ड अडकवतात. लॅमिनेट केलेलं, नाडीसकट. खानाच्या निरोप्यांना असाच धातूचा परवाना मिळायचा म्हणे. यावर लिहिलेलं असतं, 'या प्रवाशास वाटेत अडवू नये. चहा द्यावा.' मेमध्ये भाच्याच्या मुंजीला मी मिरजेला निघाले आणि सापडले. मुंबईला इमिग्रेशनच्या काउंटरवर झोपेत पासपोर्टऐवजी तेच कार्ड पुढे केलं. साहेबांनी ते शांतपणे वाचलं आणि म्हणाले, "मॅडम, चहा बाहेर मिळेल."

परत आलं की जबानी. खान म्हणे प्रत्येक प्रवाशाला समोर बसवून वाटेची हकीकत विचारायचा. बोडसही बसवतात, चहा देतात. चहा उत्तम करतात, खोटं कशाला बोलू. प्रश्न मात्र सगळे सांगलीच्या घराचे. दार कोणी उघडलं? बेल वाजवल्यावर किती वेळाने? पाणी कोणी आणलं? कॅलेंडरचं पान चालू महिन्याचं होतं का? सगळं वहीत टिपून घेतात.

"अहो, फोन करून विचारा की," मी एकदा म्हटलं.

"फोनवर सगळे मस्तच असतात. व्हिडिओ कॉलवर तर आबांचं नुसतं कपाळ दिसतं."

आबा, म्हणजे त्यांचे वडील, शहाऐंशीचे. सांगलीत एकटे, दुबईला यायला साफ नकार. "त्यांना दार उघडायला जड जायला लागलं की मी इथलं आवरणार," असं बोडस अधूनमधून म्हणायचे. आम्ही तेही तांड्याच्या गप्पांतच जमा करायचो.

मुंजीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठलाच मी सांगलीला त्यांच्या घरी गेले. बेलवर बोट ठेवलं न ठेवलं तोच दार उघडलं. समोर आबा, ताठ उभे. त्यांच्या मागे दाराला खेटून सागवानी खुर्ची, चांगली हातांची, जड. तिला वळसा घालून मला आत जावं लागलं. तिची खरी जागा पलीकडे टीव्हीसमोर होती. फरशीवर चार पायांचे डाग स्पष्ट दिसत होते.

"लगेच उघडलं म्हणून सांग हो त्याला," आबा म्हणाले. "तू आज येणार म्हणून सहापासून बसलोय इथे. टीव्हीपासून उठून यायला आता फार वेळ लागतो मला. त्याला कळलं तर सगळं सोडून येऊन बसेल. त्याची नोकरी आहे, ते उंट आहेत त्याचे. खुर्चीचं तेवढं बोलू नकोस, बाई."

खजुराचा डबा त्यांनी कपाटावर ठेवला. तिथे आधीचे तीन होते, न उघडलेले. दातच नाहीत, खजूर खाणार कशाने?

दुबईत परतल्यावर बोडसांनी चहा पुढे केला, वही उघडली.

"दार?"

"लगेच. आबांनीच उघडलं."

त्यांनी लिहून घेतलं. मग वर न बघता विचारलं, "खुर्ची कुठे होती?"

खोटं बोलणं मला कधी जमलेलं नाही.

"दाराशी ना? मागचेही दाराशीच म्हणाले होते. किती वाजता गेला होतात?"

"आठला."

"मालनबाई कामाला दहाला येतात," बोडस स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले. "म्हणजे खुर्ची अजून ते स्वतः ओढत नेतात."

त्यांनी वहीत एक ओळ लिहिली आणि वही मिटली. त्या दिवशी मंगोल नाहीत की समरकंद नाही. दाराशी मला सोडायला आले तेव्हा एवढंच म्हणाले, "मला हे माहीत आहे, ते आबांना कळू देऊ नका हं."

मी लिफ्टचं बटण दाबलं. मग परत वळले.

"दुसऱ्या मजल्यावरचे पाटणकर जुलैत कोल्हापूरला चाललेत," मी म्हटलं. "लपवतायत."