सोयऱ्यांच्या घरी चार्जिंग

भाचीच्या लग्नाला एस.टी.नं जायचं नाही, आपल्या गाडीनं जायचं, एवढाच निर्णय परमेश्वरानं घेतला होता. निर्णय तसा लहानच. पण गाडी होती बॅटरीची, लग्न होतं सोनपेठला आणि परमेश्वर राहत होता संभाजीनगरात.

परमेश्वर एका सरकारी कचेरीत क्लार्क होता आणि साहेबांचे दौरे आखण्यात त्याची हयात गेली होती. साहेब कुठं उतरतील, कुठं जेवतील, हे त्यानं एकदा लिहिलं की लिहिलं. (साहेब मग भलतीकडेच उतरत आणि भलतीकडेच जेवत, पण तो दोष आखणीचा नव्हे.) तेव्हा स्वतःचा एक दौरा आखणं म्हणजे त्याच्या डाव्या हातचा मळ होता.

अडचण एकच होती. शोरूममधल्या माणसानं गाडी एका चार्जिंगमध्ये जेवढी जाईल म्हणून सांगितलं होतं, तेवढी ती फक्त शोरूममध्येच जात असावी. आणि वाटेत चार्जिंग स्टेशन म्हणाल तर जालन्याच्या पुढं एका ढाब्यावर एक, त्यानंतर सोनपेठपर्यंत नाव नाही. परमेश्वर दोन दिवस मोबाइलवरच्या नकाशाकडं बघत बसला आणि तिसऱ्या दिवशी त्याला साक्षात्कार झाला.

"अगं, चार्जिंग स्टेशनं लांब लांब असतील, पण आपले सोयरे किती जवळ जवळ हायेत!" तो बायकोला म्हणाला. "सेलूच्या अलीकडं कासाबाई आत्याचं घर. तिथं दोन तास वायर लावायची की थेट सोनपेठ."

सत्यशीला पिशव्या भरत होती. "सोयऱ्याच्या घरून नुसती वायर लावून कोण निघू देतंय?"

"सांगायचं, घाई हाय म्हणून."

"सांगा," सत्यशीला म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात तिनं हा शब्द फार जपून वापरला होता, आणि प्रत्येक वेळी पुढं काहीतरी अघटित घडलं होतं.

घाई तर खरोखरच होती. नवरीचा मामा म्हणजे काय साधं प्रकरण? नवरीला मांडवात मामानं आणायचं, मंगलाष्टकं होईपर्यंत तिच्या पाठीशी मामानं उभं राहायचं. आणि बबितानं, म्हणजे परमेश्वराच्या धाकट्या बहिणीनं, फोनवर बजावून ठेवलं होतं, "दादा, साडेबाराचा मुहूर्त हाय. तू येळंवर आला न्हाईस तर मी उमाजीदादाला मामा म्हणून उभा करीन. मंग मला बोल लावायचा न्हाई."

हे शेवटचं वाक्य परमेश्वराच्या काळजात घुसलं होतं. उमाजी त्याचा चुलतभाऊ. पाथरी-सोनपेठ रस्त्यावर प्रवासी जीप चालवायचा, आणि परमेश्वराच्या गाडीला 'मोबाइल' म्हणायचा. "काय परमेश्वर, मोबाइल चार्ज झाला का?" असं चारचौघांत विचारायचा आणि वर मांडीवर थाप मारून हसायचा. ऋतिकाला परमेश्वरानं अंगाखांद्यावर खेळवलं होतं, तिच्या जावळाला तोच तिला मांडीवर घेऊन बसला होता. तिच्या लग्नात उमाजी मामा म्हणून मिरवणार? त्यापेक्षा परमेश्वर पायी गेला असता.

दिवस उजाडायच्या आत ते निघाले. गाडी अशी गुपचूप पळत होती की परमेश्वराला गाणं म्हणावंसं वाटलं. ढाबा आला. ॲपमध्ये तिथं हिरवा ठिपका होता, म्हणजे मशीन चालू. मशीन होतंही, आणि हिरवंही होतं, पण ते नुसत्या रंगानं. त्याच्या वायरीवर ढाब्यावाल्याचे टॉवेल वाळत होते.

"लाइनवाले कनेक्शन द्यायला येणार हायेत," ढाब्याचा मालक म्हणाला. "चहा घ्या तवर."

"कधी येणार?"

"बघा ना, दिवाळीपासून चहा ठेवलाय त्यांच्यासाठी."

परमेश्वरानं चहा घेतला नाही. पुढचा रस्ता त्यानं एसी बंद करून कापला. वैशाखाचं ऊन वर चढत होतं. सत्यशीला नव्या साडीच्या पदरानं वारा घेत होती आणि काही बोलत नव्हती. ती बोलत नसली की परमेश्वराला जास्त उकडायचं.

कासाबाई आत्याच्या दारात गाडी लागली तेव्हा बॅटरी तीस टक्क्यांवर आली होती. आत्याला भाचा आल्याचा कोण आनंद! तिनं बॉनेटला हळदकुंकू लावलं, चाकावर नारळ फोडला, आणि परमेश्वरानं वायर काढल्यावर घरातला एकुलता एक मोठा सॉकेटही दाखवला. परमेश्वरानं वायर लावली, दिवा लागलेला पाहिला आणि जीव भांड्यात पडल्यासारखा ओसरीवर टेकला.

"आत्या, लय घाई हाय बरं. दोन तासात निघणार. जेवणबिवण काही करू नकोस."

"करत न्हाई, करत न्हाई," असं म्हणत आत्या आत गेली. थोड्या वेळानं आतून पुरणाचा वास आला. नंतर घर्रर्र असा आवाज आला. परमेश्वर तेव्हा गाडीचा विचार करत होता. गाडी पोटभर वीज पीत असणार, या कल्पनेनं त्याला बसल्या जागी डुलकी लागली.

दोन तासांनी पुरणपोळीवर तुपाची धार घेऊन, बोटं चाटत तो बाहेर आला. गाडीचं दार उघडलं. आकडा बघितला. डोळे पुसून पुन्हा बघितला.

एकतीस.

"आत्या!" परमेश्वराचा आवाज चिरकला. "वायर कुणी काढली?"

"मी काढली," आत्या पदराला हात पुसत म्हणाली. "गव्हाचं पीठ सरलं होतं. घरघंटी लावायला दुसरा बोर्ड कुठं हाय? पाव्हण्याला काय बिनपिठाच्या पोळ्या वाढू?"

"अगं, पण गाडी!"

"गाडीला काय भूक लागलीय? तुला लागली होती."

चार पोळ्या खाल्ल्या होत्या त्यानं. सत्यशीलानं आकाशाकडं बघितलं. पुन्हा वायर लावून बसायला वेळ उरला नव्हता. परमेश्वरानं मनातल्या मनात हिशोब मांडला. उरलेली बॅटरी आणि उरलेला रस्ता यांचा मेळ थोडक्यासाठी बसत नव्हता. पण मन घट्ट केलं, आणि देवाचं नाव घेऊन गाडी हळू हाकली, तर बसण्यासारखा होता.

तेवढ्यात आत्या नवं लुगडं नेसून गाडीत येऊन बसली. "तू जाणारच हायेस तर मी कशाला फटफटीवर जाऊ? आन् हे जोंधळ्याचं पोतं डिकीत टाक. बबिताला कबूल केलंय."

आत्या अंगानं भरभक्कम होती. पोतं आत्याच्या खालोखाल होतं. गाडी मागून खाली बसली. त्यानंतर सत्यशीलाची ओटी भरायची राहिली म्हणून आत्या पुन्हा उतरली, आणि वेळेचा मेळही बिघडला.

पाथरीपर्यंत गाडीत कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेतला नाही. परमेश्वराचा एक डोळा रस्त्यावर आणि एक आकड्यावर. पाथरी आली तेव्हा आकडा नवावर होता.

"उमाजी भावजींचं घर रस्त्यावरच हाय," सत्यशीला हळूच म्हणाली. "अर्धा तास वायर लावू. घरी कोणतरी असंलच."

तिथं शहाणपणानं थांबला असता, तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण परमेश्वराच्या कानात 'मोबाइल चार्ज झाला का?' वाजलं आणि त्याचा पाय उलट ॲक्सिलरेटरवर पडला. "काही गरज न्हाई," तो म्हणाला. "आरामात जाते." उमाजीचं घर डाव्या हाताला आलं आणि मागं पडलं. सत्यशीलानं मान वळवून ते दिसेनासं होईपर्यंत बघितलं.

पाथरी सोडल्यावर थोड्याच वेळात गाडीनं टुंग केलं. मग पुन्हा टुंग. समोरच्या पडद्यावर एक पिवळं कासव उगवलं आणि गाडीचा वेग एकदम माणसाच्या चालीवर आला. बॅटरी संपत आल्याची ती शेवटची खूण होती, हे परमेश्वराला माहीत होतं.

मागून आत्यानं वाकून बघितलं. "अगं बाई, कासव!" तिनं दोन्ही हात जोडले. "देवळात देवाम्होरं असतंय तसं. लय चांगला शकुन हाय, परमेश्वरा. आता काळजी करू नकोस."

शकुन असा की, मागून एक मेंढरांचा कळप आला आणि गाडीच्या दोन्ही बाजूंनी पुढं निघून गेला. सगळ्यात शेवटी एक लंगडं कोकरू होतं. तेही गेलं. परमेश्वरानं कपाळावरचा घाम पुसला आणि घड्याळाकडं बघितलं. मुहूर्ताला अर्धा तास उरला होता. त्याच्या डोळ्यांसमोर मांडव उभा राहिला, अक्षता उभ्या राहिल्या, ऋतिकाच्या पाठीशी फेटा बांधलेला उमाजी उभा राहिला. त्याला खरोखर रडू येईलसं वाटू लागलं.

"अहो, मी उतरून ढकलू का?" सत्यशीलानं विचारलं. हे तिनं टोमणा म्हणून विचारलं नव्हतं, आणि त्यामुळेच त्याला जास्त लागलं.

तेवढ्यात सोनपेठच्या बाजूनं धूळ उडवत एक जीप आली आणि करकचून थांबली. उमाजी! डोक्याला फेटा, कपाळाला टिळा. परमेश्वराला वाटलं, धरणीमाता पोटात घेईल तर बरं.

"काय परमेश्वर," उमाजी खाली उतरला. पण पुढचं 'मोबाइल' काही तो म्हणाला नाही. त्यानं कासवाकडं बघितलं, परमेश्वराच्या तोंडाकडं बघितलं, आणि जीपमधून चऱ्हाट काढलं. "टोचन लावू. नवी गाडी रस्त्यात सोडून कसं जायचं?"

"तू इकडं कसा?"

"आलो असाच."

चऱ्हाट नवं कोरं होतं आणि त्याला हळदकुंकू लावलेलं होतं. हे जरा चमत्कारिक होतं, पण चमत्काराची चौकशी करायला वेळ कुठं होता? सत्यशीला आणि आत्या एका शब्दानंही न विचारता जीपमध्ये जाऊन बसल्या. 'ही गाडी दोरानं ओढू नये' असं कंपनीच्या पुस्तकात ठळक छापलेलं होतं. पुस्तक डिकीत होतं आणि त्यावर जोंधळ्याचं पोतं होतं.

जीप निघाली, दोर ताणला, आणि परमेश्वर एकटाच स्टिअरिंग धरून मागं मागं निघाला. अर्ध्या वाटेत त्याचं लक्ष आकड्याकडं गेलं. आकडा वाढत होता! चाकं फिरतायत म्हणून बॅटरी भरत होती. तो खिडकीतून हात काढून ओरडला, "उमाजी, चार्जिंग होतंय! गाडी चार्ज होतेय!"

"माझ्या डिझेलवर!" उमाजी पुढून ओरडला. म्हणजे त्याला सगळं ऐकू येत होतं.

मांडवाच्या दारात ही वरात पोचली तेव्हा वाजंत्रीवाल्यांनी नवरदेवाची गाडी समजून दणक्यात हलगी सुरू केली. दोन बायका आरतीचं ताट घेऊन धावत आल्या आणि गाडीतून घामानं निथळलेला परमेश्वर उतरलेला बघून तशाच माघारी फिरल्या. तो पळतच मांडवात शिरला. "बबे, मुहूर्त? लागलं का लग्न?"

"कुठलं लागतंय," बबिता म्हणाली. "नवरदेव आजून मारुतीपाशीच हाय. त्याचे दोस्त डीजेम्होरं नाचायलेत. तू पाणी पी आधी."

दोन तासांनी लग्न लागलं. नवरीला मांडवात परमेश्वरानंच आणलं. ऋतिकानं अंतरपाटाशी उभं राहताना मागं हात केला आणि मामाचं बोट घट्ट धरलं, लहानपणी बाजारात धरायची तसं. मंगलाष्टकं चालू होती तोवर परमेश्वराला समोरचं काही दिसत नव्हतं, कारण डोळे भरून आले होते. शेजारी उमाजी अक्षता टाकत होता, आणि त्या क्षणी परमेश्वराला तो सख्ख्या भावासारखा वाटला.

जेवणं झाली, आहेर सुरू झाले. बबितानं भावाला टोपी घातली, टॉवेल दिला आणि वर तेच चऱ्हाट गुंडाळी करून त्याच्या मांडीवर ठेवलं.

"हे कशाला?"

"तुझंच हाय. आठवडी बाजारातून मीच घेतलं. नवी वस्तू म्हणून हळदकुंकू लावलं आन् सकाळीच उमाजीदादाला म्हणलं, साडेअकराच्या सुमाराला पाथरीच्या रोडला लाग."

परमेश्वराचा चेहरा उतरला. "म्हणजे तुझा माझ्यावर भरवसा न्हवता?"

"तुझ्यावर होता म्हणून तर चऱ्हाट घेतलं, दादा," बबिता म्हणाली. "काही झालं तरी तू घरून निघशील, हे मला ठाऊक होतं. तू येणारच न्हाईस असं वाटलं असतं तर मी चऱ्हाटाला कशाला पैसे घातले असते?"

परमेश्वरानं चऱ्हाट काखेत घेतलं. मग त्याला आठवलं की नवरदेवाची वाट बघताना आपण गाडी मांडवामागं नेऊन वायर लावली आहे. एव्हाना चांगली भरली असेल. परतीचा प्रवास तरी मानानं होईल. तो लगबगीनं मांडवामागं गेला.

वायर जमिनीवर पडली होती. तिच्या जागी एक भला मोठा कूलर घुमत होता, आणि कूलरसमोर खुर्च्या मांडून वराकडची मंडळी शांत झोपली होती. गाडीतला आकडा बारा होता. बाराच्या बारा टक्के उमाजीच्या डिझेलचे.

परमेश्वरानं इकडं तिकडं बघितलं, काखेतलं चऱ्हाट नीट गुंडाळलं आणि तो जीपकडं चालू लागला. पुढच्या सीटवर सत्यशीला आधीच बसलेली होती. तिनं पिशवी मांडीवर घेतली होती, आणि शेजारची जागा त्याच्यासाठी राखली नव्हती.

"तुमी मागं बसा," ती म्हणाली. "तुमच्या गाडीत. स्टिअरिंग धरायला कोणतरी लागंल ना!"