बैलांवर लिहिलेला नंबर

"माझा नवा नंबर कुणी विसरायचं न्हाई, असा बंदोबस्त करतो," वासूअण्णा म्हणाला आणि निळ्या रंगाचा डबा घेऊन गोठ्यात शिरला.

गोष्ट १९९४ची, रामनगरजवळच्या वाडीतली. तिथल्या टेलिफोन एक्सचेंजातले दोन आकडी नंबर कधीच संपले होते. शेजारच्या उमाजीचा अर्ज सहा वर्षं पडून होता. वासूअण्णाकडे मात्र २७ नंबर होता, आणि उमाजी दिसला की तो मुद्दाम फोन पुसत बसायचा. आता खात्याचं पत्र आलं. सोमवारपासून जुने नंबर बंद, सगळ्यांना चार आकडी. वासूअण्णाला २१२२. नवे नंबर भरपूर, म्हणून उमाजीलाही फोन!

उमाजीचं एक वेळ सोसलं असतं. पण कमलचे दिवस भरत आले होते. घरात आई नाही, म्हणून लेकीचं पहिलं बाळंतपण खानापूरला यमुनामावशीकडे. बातमी यायची ती फोनवरच. नंबर भिंतीवर लिहिता आला असता, पण तिथे त्याच्या बायकोने, पार्वतीने, कोळशाने २७ लिहून ठेवला होता. ती जाऊन दोन वर्षं झाली, तरी तो पुसायला त्याचा हात धजेना. म्हणून त्याने पवळ्या बैलाच्या मागच्या पुठ्ठ्यावर २१ आणि शेजारच्या काळ्याच्या पुठ्ठ्यावर २२ रंगवलं.

बाळंतिणीसाठी तांदूळ न्यायला आलेली यमुना, त्याची मेव्हणी, म्हणाली, "दाजी, कागदावर द्या की लिहून."

"कागद हरवतो. बैल कुठं हरवत्यात?"

तिला बसला सोडायला त्याने गाडी जुंपली. यमुना वाटभर समोर बघत नंबर घोकत होती.

सोमवारपासून वासूअण्णा फोनजवळून हलला नाही. फोन वाजला नाही. गुरुवारी उमाजी गूळ-खोबरं घेऊन आला.

"माझ्या फोनवर पहिलीच बातमी, अण्णा. पोरगी झाली, दोघी खुशाल."

"कुणाकडं?"

"ते विचारायच्या आत बाईनं ठेवला. पुतण्यांपैकी कुणाची तरी असंल, धा हाईत."

वासूअण्णाने जळत जळत गूळ खाल्ला. मग आणखी एकदा घेतला.

शनिवारी यमुना बसमधून उतरली ती तणतणतच. "नात झाली म्हणून कळवलं, तर 'बरं, बरं, लई आनंद' एवढंच? बघायला न्हाई आलासा. कमल रडतीया तिकडं."

"मला फोनच न्हाई आला."

"कसा न्हाई? बावीस एकवीस."

वासूअण्णा गोठ्यात गेला. पवळ्या डावीकडे, काळ्या उजवीकडे. गाडीला मात्र सात वर्षं पवळ्या उजवीकडे चालतो, काळ्या डावीकडे.

त्याने उमाजीला गाठलं. "बावीस एकवीस तुझा नंबर. माझी बातमी खाल्लीस तू."

"गूळ तू दोनदा खाल्लास."

त्याच दिवशी तो खानापूरला जाऊन नात बघून आला. परतल्यावर त्याने बैलांवरचे आकडे अदलाबदल करून रंगवले. मग पार्वतीच्या २७ खाली जागा सापडली, तिथेही कोळशाने २१२२ लिहिलं.

दोन दिवसांनी फोन पहिल्यांदा वाजला. वासूअण्णाने झडप घातली.

"उमाजीकाका हाईत?"

"हा नंबर कुणी दिला?"

"काकांनीच सांगितलं, वासूअण्णाच्या गाडीच्या बैलांवर माझाच नंबर लिवलाय, तिथनं घे. कालच बघून घेतला. काकांना सांगा, मला मुलगा झाला."

"बरं, बरं, लई आनंद," म्हणून वासूअण्णाने फोन ठेवून दिला.

मग चपला घालून उमाजीला सांगायला निघाला. गूळ दोनदा खाल्ला होता, काय करणार.