भिंगरीची पिशवी उजवीकडे

बाळांनो, हातातला खाऊ आधी संपवा. गोष्ट आतड्यांची आहे, मग मला बोल लावायचा नाही. आणि मध्येच कोणी 'शी' म्हणालं तर मी उठून जाईन.

एका जंगलात एक सिंह होता आणि त्याचं पोट दुखत होतं. इतर गोष्टींतले सिंह डरकाळ्या फोडतात. हा बिचारा ढेकर द्यायचा. ढेकर ऐकून हरणं पळायची, तेवढाच काय तो दरारा उरला होता.

जंगलात डॉक्टर केसाळकर नावाचे अस्वल होते. परदेशातल्या जंगलात शिकून आलेले. ते म्हणाले, "महाराज, आधी उंदरांच्या पोटाचा अभ्यास करू. मग तुमच्या पोटाकडे वळू."

गुहेत प्रयोगशाळा थाटली. एकाच आईचे चाळीस पांढरे उंदीर आणले. एकच पिंजरा, एकच दाणा.

"म्हणजे पोटंही एकसारखीच," केसाळकर म्हणाले.

अहो, सख्ख्या भावंडांची नाकंसुद्धा सारखी नसतात! पण शिकलेल्या अस्वलाला कोण सांगणार?

त्यांनी पहिल्या उंदराला काजव्यांच्या दिव्यासमोर धरलं. आतलं सगळं लख्ख दिसलं. आतड्याची एक फुगीर पिशवी होती, ती डावीकडे. केसाळकरांनी पिंपळाच्या जाळीदार पानावर तसंच चित्र काढलं आणि पान दोऱ्याने दिव्याशेजारी टांगलं.

"हा नकाशा. याच्याशी जुळेल तो उंदीर बरोबर. जुळणार नाही तो चुकीचा."

चुकीच्या उंदराला खिडकीतून बाहेर टाकायचं, असा नियम झाला. खिडकीखाली मनकर्णा मांजर बसायची. तिला विज्ञानाची भारी आवड.

पहिल्याच दिवशी तीन उंदीर चुकीचे निघाले. मनकर्णाबाईंनी आवाज दिला, "संशोधन छान चाललंय हो!"

दुसऱ्या दिवशी भिंगरीची पाळी आली. भिंगरी म्हणजे त्या चाळिसांतली सगळ्यात बडबडी उंदरीण. आज मात्र ती सगळ्यांच्या मागे लपत होती. जेवल्यावर तिच्या पोटात गुडगुड व्हायची ती उजवीकडे. तेव्हा आपलं काय होणार, हे तिला कळून चुकलं होतं.

केसाळकरांनी तिला शेपटीने उचलून दिव्यासमोर धरलं. "पिशवी उजवीकडे. चुकीची."

"डॉक्टरसाहेब, मी जन्मापासून अशीच आहे हो! आणि माझं पोट कधी दुखतसुद्धा नाही!"

"म्हणजे जन्मापासून चुकीची आहेस," केसाळकर म्हणाले आणि त्यांनी खिडकी उघडली.

तेवढ्यात दारात मोठा ढेकर आला. मागून महाराज आले.

"केसाळकर, पोट दुखायला लागून महिना झाला! उंदरांचं राहू द्या. आधी माझं पोट बघा!"

महाराजांना नाही कसं म्हणणार? केसाळकरांनी भिंगरीला काखेत दाबलं आणि महाराजांना दिव्यासमोर उभं केलं. त्यांनी पोट पाहिलं. मग पान पाहिलं. मग पुन्हा पोट पाहिलं. आणि सवयीने तोंडातून निघून गेलं, "उजवीकडे. चुकीचं."

खिडकीखालून मनकर्णाबाई ओरडल्या, "पाठवा लवकर! मी तयार आहे!"

महाराजांनी खिडकीतून मान बाहेर काढली. मनकर्णाबाईंनी वर पाहिलं. त्या दिवसापासून त्या गवत खातात म्हणे.

"कोणाचं पोट चुकीचं?" महाराजांनी विचारलं.

तेव्हा काखेतून बारीक आवाज आला. "महाराज, तुमचं पोट अगदी बरोबर आहे. डॉक्टरसाहेबांकडून पान उलटं टांगलं गेलंय."

भिंगरी टुणकन दोऱ्यावर चढली आणि तिने पान फिरवलं. जाळीचंच पान ते, चित्र दोन्हीकडून दिसतं. पिशवी आली उजवीकडे. महाराज जुळले. भिंगरीही जुळली.

"हेच! हेच मी म्हणणार होतो!" केसाळकर म्हणाले.

पण पिंजऱ्यातून भिंगरीचा धाकटा भाऊ ठेंगू रडायला लागला. "ताई, माझी तर डावीकडे आहे गं! आता मी चुकीचा झालो!"

भिंगरीने पटकन हात जोडले. "साहेब, एवढं मोठं काम तुम्ही एकटे किती ओढणार? पान सांभाळायचं माझ्याकडे द्या."

केसाळकरांनी आनंदाने दिलं. मग काय! उजवा आला की पान असं, डावा आला की पान तसं. एकाची पिशवी निघाली मधोमध. भिंगरीने पानाला अशी फुंकर मारली की ते गरगर फिरलं. केसाळकरांना चक्कर आली. डोकं धरून ते म्हणाले, "जुळलं, जुळलं!"

उरलेले सगळे उंदीर पास झाले. केसाळकरांनी जाडजूड ग्रंथ लिहिला. नाव, 'सर्व पोटे एकसारखी'. त्यांना शाल मिळाली.

सत्काराला महाराज आले होते. ते हळूच म्हणाले, "केसाळकर, माझं पोट अजून दुखतंय हो."

"अशक्य, महाराज. नकाशाशी जुळतंय की."

महाराज ओशाळले. त्यानंतर ते कायम तोंडावर पंजा ठेवून ढेकर देऊ लागले.

तात्पर्य: प्रत्येकाचं पोट वेगळं असतं, हे शहाण्यांना समजावत बसू नये, खिडकी जवळच असते. त्यापेक्षा पान फिरवायची नोकरी मागून घ्यावी. आणि पोट दुखलंच, तर आधी नकाशा बघावा. नकाशात दुखत नसेल, तर तुमचंही दुखत नाही.