बूटवाल्याचा वाटा

जितेंद्रने तोंडवलीच्या पुळणीवर पांढरे बूट काढले, एकात मोबाइल आणि दुसऱ्यात चष्मा ठेवला आणि चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. मुंबईची नोकरी संपवून गावी येऊन त्याला आठ महिने झाले होते. पण टाच दुखायला लागल्यापासून बायकोने, शर्मिलाने, त्याला स्वयंपाकघरातसुद्धा बुटांशिवाय फिरू दिलं नव्हतं. गावात त्याचं नावच ‘बूटवालो’ पडलं होतं. ज्या गावात दहावीपर्यंत पायात काही घातलं नाही, त्याच गावाने असं म्हणावं हे त्याच्या फार मनाला लागलं होतं.

दहाच मिनिटं चालायचं, असं त्याने ठरवलं. पण ओल्या वाळूत पाऊल पडलं, बोटांमधून वाळू वर आली आणि परतणाऱ्या लाटेने टाचेखालची वाळू ओढून नेली. चाळीस वर्षांपूर्वीची तीच गुदगुली! एक शिंपलीही टोचली, तर तीसुद्धा त्याला नात्यातली वाटली. दहा मिनिटांचा तास कधी झाला, ते कळलंच नाही.

परतताना चष्म्याशिवाय एवढंच दिसलं, की माणसं रापण ओढतायत. हे लांबलचक जाळं ओढताना तो लहानपणी वडिलांच्या मागे उभा राहायचा. दोराला हात लावील त्याला माशांचा वाटा, कोण कुठला हे कोणी विचारायचं नाही. म्हाताऱ्या काशीबाईच्या मागे तो दोराला लागला.

“आज सगळी गप्प कशी गो, काकी?”

“माणूस बुडालो, मगे हसतलो कोण?” काशीबाई मागे न बघताच म्हणाली. “जाळ्यात तरी गावता काय, बघतव.”

“अरेरे! कोण बुडालो?”

“तो बूटवालो. बाबूचो जितू. बूट पाण्याकडे ठेवन गेलो.”

जितेंद्रच्या हातातला दोर ढिला पडला.

“ओढ मेल्या!” काशीबाई खेकसली.

त्याने ओढला. जाळं पाण्यात असताना दोर सोडल्याबद्दल वडिलांनी एकदा चांगलं बदडलं होतं. शिवाय काशीबाई त्याच्याविषयी बरं बोलू लागली होती.

“ल्हान असताना माझ्या पाटीतले बांगडे घेवन पळायचो. अनवाणी असो पळायचो, कोणाक गावायचो नाय! मुंबयेन तेका बूट घातल्यान, थयच बिघाडलो.” तिने पदराने डोळे पुसले. जितेंद्रलाही भरून आलं.

“मोबाइल वाजलो, तो धोंडू तांडेलान उचल्ल्यान. म्हणालो, ‘वयनी, बूट गावले, घोव गावाक नाय.’ बायल येता धावत.”

शर्मिलाला कळलं होतं! त्यापेक्षा बुडणं बरं.

“काकी, मीच जितू!”

“ओढ गप! मेलेल्या माणसाची मस्करी करतं?”

जाळं वर आलं. चांदीसारखे बांगडे उसळले आणि धोंडू त्यांत माणूस शोधू लागला. तेवढ्यात शर्मिला रडत पोचली. ती गर्दीत शिरली आणि वाकड्या करंगळीच्या एका ओळखीच्या पावलापाशी थबकली. रडणं जागच्या जागी थांबलं.

“तुमी? आणि अनवाणी?”

मग जे काही ऐकावं लागलं, ते अख्ख्या गावाने ऐकलं. धोंडूने बांगड्यांचे वाटे घातले.

“बुडालेल्याक वाटो कसलो?” तो वैतागून म्हणाला.

“दोर ओढल्यान मा? मगे तेचो वाटो व्हयो!” काशीबाईने ठणकावलं. “जितू आमचो आसा.”

पिशवी कोणाकडेच नव्हती. धोंडूने चष्मा आणि मोबाइल जितेंद्रच्या हातात दिले आणि बांगडे दोन्ही बुटांत गच्च भरले. खालमानेने बूट उचलताना जितेंद्रला शर्मिलाचे पाय दिसले.

“तुझी चपलां खंय?”

तिने खाली पाहिलं. “धावताना खंय पडली, देव जाणे.”

तो रस्त्याकडे वळला. ती मात्र हलली नाही. तिचं माहेर रेडीचं, अगदी समुद्रालगतचं. एक लाट आली, तिच्या टाचेखालची वाळू घेऊन गेली आणि लग्नाआधीचं काहीतरी तिच्या तोंडावर उमटलं.

“रस्त्यान नको,” ती म्हणाली. “पाण्याकडसून जावया. दहाच मिनटां.”