लिमये सरांचं मायोसिन

माझ्या पोटरीत गोळा आला आणि मी ओरडत अंगणातच बसलो, तेव्हा कुंपणापलीकडून लिमये सर धावत आले. पाय चोळायला नव्हे, समजावून सांगायला. "ओरडू नकोस. तुझं मायोसिन सुटत नाहीये, एवढंच!"

सर आमचे नागावचे शेजारी. जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाले, पण शिकवणं काही थांबलं नाही. कुठे स्नायू हलताना दिसला की त्यांना राहवत नसे. नारळ काढणारा गणू झाडावर चढला की हे खालून सुरू. "गणू, तुझ्या दंडात दोन प्रकारचे धागे आहेत. कॅल्शियमचा इशारा मिळाला की मायोसिनची डोकी ॲक्टिनचा धागा धरतात, ओढतात, सोडतात, पुन्हा पुढे धरतात. किनाऱ्यावर जाळ्याचा दोर ओढतात ना, तस्सं! धागे आखूड होत नाहीत, एकमेकांवरून सरकतात."

"व्हय सर," वरून गणू म्हणे, "पन आदी मला खाली सरकू द्या."

लिमयेकाकू ओटीवरून हसायच्या. "अहो, त्याला चहा तरी घेऊ द्या!" मग सर गप्प. जगात तेवढ्या एकाच माणसाचं ऐकत ते.

गेल्या वर्षी काकूंना पक्षाघात झाला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पुढे उजव्या हाताची मूठ आवळत गेली, ती उघडेनाच. सर रोज कोमट खोबरेल लावून एकेक बोट सोडवत बसत.

"मेंदूचा लगाम सुटलाय," ते एकदा मला म्हणाले, "म्हणून स्नायू ओढतच राहतो. आत काय चाललंय ते सगळं ठाऊक आहे रे मला. उपयोग शून्य."

व्यायाम करून घ्यायला अलिबागहून एक मुलगी येते. तिनं सांगितलं, मुठीत कापडाची गुंडाळी ठेवा, नाहीतर नखं तळव्यात रुततील.

परवा संध्याकाळी मी डबा घेऊन गेलो. काकूंचा डोळा लागला होता. सर खाटेला टेकून अवघडून बसले होते. गुंडाळी उशाशी पडलेली आणि काकूंच्या मुठीत सरांची दोन बोटं.

"सर, हात भरून येईल. गुंडाळी देऊ?"

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिनं धरलेलं नाही, कळतं मला. स्नायू आखडलाय नुसता."

मोकळ्या हातानं त्यांनी काकूंच्या अंगावरची चादर सारखी केली.

"डबा तिथेच ठेव," मग हळूच म्हणाले. "मला आत्ता उठता यायचं नाही."