अंगानं भरलेले अणू

नथूभाऊंना हडकुळा अणू बघवत नाही.

घोरावाडी स्टेशनजवळच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि नथूभाऊ प्रयोगशाळा सांभाळतात. तासाआधी कॉम्प्युटर लावून पडद्यावर रेणूचं चित्र आणून ठेवायचं, एवढं काम मीच त्यांना शिकवलं. चित्रात अणूंचे छोटे गोळे आणि त्यांना जोडणाऱ्या काड्या दिसतात. शेजारी एक पट्टी असते, ती सरकवली की गोळे लहानमोठे होतात. ती पट्टी नथूभाऊंना सापडली आणि मला साडेसाती लागली.

मी वर्गात जावं, तर काड्या गायब! गोळे राजगिऱ्याच्या लाडवासारखे एकमेकांना चिकटून बसलेले.

"अहो नथूभाऊ, मला काड्याच दाखवायच्यात!"

"असू द्या मॅडम, जरा अंगानं भरू द्या. पोरं म्हनतील, हितं अणूंना खायला घालत न्हाईत."

मी पट्टी मागे ओढायची, त्यांनी पुढे. खरं तर अणू असेच एकमेकांना भिडलेले असतात, काड्या आपल्या सोयीसाठी. पण हे त्यांना सांगायची सोय नव्हती. आधीच उल्हास, त्यात फाल्गुनमास!

एकदा तास संपल्यावर ते दारात घुटमळले.

"मॅडम, थायरॉइडच्या गोळीतला रेणू दिसंल का हितं?"

डॉक्टरांनी त्यांच्या बायकोला ती गोळी रोज घ्यायला सांगितली होती. गोळी टिकलीएवढी. "येवढ्याशानं काय व्हनार?" म्हणून मावशी ती घेईनातच. अंगावर सूज, चार पावलांत दम. मी रेणू शोधून दिला. त्यांनी पट्टी थेट टोकाला नेली, तसे आयोडीनचे चार जांभळे गोळे टम्म फुगले.

"आता कशी दमदार वाटती!"

यावेळी मी पट्टीला हात लावला नाही. आहे तसंच चित्र मावशींना दाखवायला मोठ्या कागदावर छापून दिलं.

गेल्या रविवारी नवा तांदूळ आणायला मी आंदर मावळात त्यांच्या घरी गेले. मावशींची सूज उतरली होती, भिंतीवर चित्र होतं. भाऊ चहा टाकायला आत गेले.

"चित्र बघून पटलं ना मावशी?"

मावशी हळूच हसल्या. "गोळी घेती मी, लय बरं वाटतंय. पर पटलं म्हनून ह्यास्नी सांगत न्हाई. रोज सकाळी हे चष्मा लावून समोर बसत्यात, येकेक गोळा बोटानं दावत्यात. चाळीस वर्सांत माझ्यासंगं येवढा येळ कदी बसलं न्हाईत."

तेवढ्यात भाऊ कपबशा घेऊन आले.

"मॅडम, हिला अजून पटंना बगा. आनखी मोठं न्हाई का व्हनार?"

मावशी माझ्याकडे बघत होत्या.

"होईल की," मी म्हटलं. "उद्याच छापून देते."